तलावाचा काठ कसा राखावा

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, आणि काही अंशी नागपूर जिल्ह्यात, सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी’ म्हणून नोंदलेले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणून रूढ झालेले सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीत, रान मोडून जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन बक्षीस मिळावी असा प्रघात पडला, आणि त्या उत्तेजनाने कोहळी समाजातील उद्यमी पुरुषांनी, कोणतेही यंत्र हाताशी नसताना, केवळ जमिनीचा उतार ओळखण्याच्या परंपरागत विद्येच्या बळावर, टेकड्यांच्या बेचक्यांत मातीच्या पाळी घालून हा प्रदेश जलसंपन्न केला. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते.

पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी पद्धत, म्हणजे गावची सारावसुली आणि तलाव मालगुजार जमीनदाराच्या हाती असण्याची पद्धत, रद्द झाली, तलाव सरकारजमा झाले, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर लहान तलावांची व्यवस्था बहुतांशी त्यांच्याकडे गेली. मालगुजाराच्या अंमलाचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. परंतु त्याच्या काळी पाणी, मासळी, गाळ आणि पाळ या चारही गोष्टींचा जाब एकाच माणसाला विचारता येत होता, हे नाकारता येत नाही. आज सिंचन एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे आणि जमिनीची नोंद तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली असून, जो तो आपापल्या वाट्यापुरता तलाव पाहतो. या वाटणीत कोणाच्याच वाट्याला न आलेली जागा म्हणजे तलावाचा उथळ काठ. अतिक्रमण करणाऱ्याला तो धानाच्या बांधीसाठी हवा असतो, गाळ उपसणाऱ्याला तो खणून सरळ करावासा वाटतो, आणि ठेकेदाराला तेथील वनस्पती जाळ्यात अडकतात म्हणून नकोशा असतात. वास्तविक तलावाचे सारे जीवन याच काठाच्या आधाराने चालते. आणि म्हणून ग्रामपंचायतीचे सदस्य, मासेमार ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांचे पदाधिकारी, तलावाखालचे शेतकरी आणि गावचे शिक्षक यांनी तलाव राखण्याचे मनावर घेतले, तर कामाला आरंभ काठापासून कसा करावा, हे येथे क्रमाने सांगण्याचा हेतू आहे.

तलाव जगतो कसा

चैत्र-वैशाखात तलावाचे पाणी आटत आटत मधल्या डोहापुरते उरते, आणि भोवतालचा विस्तीर्ण काठ उघडा पडून त्याला भेगा जातात. त्यावर गवत उगवते, गुरे चरतात, त्यांचे शेण पडते. मृगाचा पाऊस लागून पाणी या कोरड्या पट्ट्यावर पुन्हा चढू लागले, की हेच गवत आणि शेण कुजून त्यातून सूक्ष्म जीवांची विपुल पैदास होते. आणि नेमक्या याच वेळी डोहात तग धरून राहिलेले मरळ, शिंगी, मागूर यांसारखे स्थानिक मासे प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात व नाल्यांच्या मुखांशी अंडी घालण्यास येतात. पिलांना तेथे अन्न मिळते, आणि वनस्पतींच्या गुंत्यात मोठ्या माशांपासून आसराही मिळतो.

या वनस्पतींचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात: पूर्णपणे पाण्याखाली वाढणाऱ्या, कमळ-कुमुदासारख्या पाण्यावर पाने पसरणाऱ्या, आणि लव्हाळ्यासारख्या मुळे चिखलात ठेवून पाण्याबाहेर उभ्या राहणाऱ्या. तिन्हींना सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचेल इतकेच उथळ पाणी लागते. म्हणून तलाव परातीसारखा पसरट असावा लागतो. तो पिंपासारखा खोल केला, तर साठा कदाचित वाढेल, परंतु त्यात वनस्पती उगवणार नाहीत, आणि वनस्पती नसल्या तर मासळीही टिकणार नाही.

यातील व्यवहाराची बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे बाजारात मोल मिळणारे मासे तलावाच्या स्थिर पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यांचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. स्थानिक मासे मात्र, काठ शाबूत असेल तर, एक पैसाही न घेता आपली वाढ आपणच करतात. ज्या संस्थेचा हिशेब दरवर्षी बीजाच्या खर्चापाशी अडतो, तिने काठाकडे दुर्लक्ष करणे हे आपल्या हाताने भांडवल बुडविण्यासारखे आहे.

पहिले काम: हद्द निश्चित करणे

तलावाची हद्द ठाऊक नसता त्याच्या रक्षणाच्या गोष्टी बोलणे व्यर्थ होय. तलाठ्याकडून सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा यांच्या नकला घ्याव्यात. आणि विदर्भातील गावांसाठी विशेष महत्त्वाचे असे जे दोन जुने दस्तऐवज, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, तेही अवश्य मिळवावेत. गावातील पाणी, चराई, मासेमारी, वाटा इत्यादींविषयी कोणाची कोणती वहिवाट चालत आली आहे, हे त्यांत नमूद असते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिनेही त्यांना स्थान दिलेले आहे. कागद देण्यास टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्यास संकोच धरू नये.

कागदावरची हद्द जमिनीवर उतरविण्यास मोजणी लागते, आणि मोजणीस मुदत लागते. परंतु तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. ज्या दिवशी तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागते, त्या दिवशी पाण्याची कड हीच पूर्ण संचयाची रेषा असते. कोणत्याही उपकरणावाचून पाणीच ती आखून देते. त्या दिवशी पाच-सहा माणसांनी बांबूच्या खुंट्या घेऊन तलावाला पूर्ण फेरा घालावा आणि पाण्याच्या कडेने, विशेषतः जेथे बांध्या तलावात घुसल्याचा संशय आहे तेथे दाट, खुंट्या ठोकाव्यात. जेथे जेथे बांध पाण्यात गेलेला दिसेल तेथील छायाचित्रे घ्यावीत, सरपंच, तलाठी आणि लगतचे शेतकरी यांच्या सह्यांनिशी पंचनामा करावा, आणि पाणी उतरल्यावर खुंट्यांच्या जागी दगड रोवावेत. लगतच्या शेतकऱ्यांस आधी सूचना देऊन बरोबर घेतले, तर पुढे होणारे निम्मे तंटे तेथेच मिटतात.

कायद्याचा आधार कोठे आहे आणि कोठे नाही, हेही नीट समजून घ्यावे. पाणथळ जागांच्या संवर्धनाचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम पुष्कळांना ठाऊक असतात. परंतु सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत, आणि मामा तलाव सिंचनासाठी बांधलेले असल्याने केवळ त्या नियमांवर विसंबून केलेली तक्रार पहिल्याच पायरीवर फेटाळली जाण्याचा संभव असतो. त्याऐवजी अन्य मार्ग धरावेत. तलाव वनजमिनीत असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) अन्वये मासळी व जलाशयातील अन्य उत्पन्न यांवर सामूहिक हक्काचा दावा करता येतो. अनुसूचित क्षेत्रातील गावांना १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार आहे. लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन त्याने पंचायतींकडे सोपविले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती असावयास हवी, आणि तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तलावातील वनस्पती, मासे व पक्षी यांची नोंद करून घ्यावी. अतिक्रमणाच्या बाबतीत, गावच्या सार्वजनिक जागांवरील बेकायदा ताबे दूर करण्याच्या योजना राज्यांनी आखाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंह प्रकरणात दिलेला आदेश, आणि मुळात तो खटलाच गावतळ्यावरील अतिक्रमणाचा होता ही गोष्ट, तहसीलदारांकडील अर्जात अवश्य नमूद करावी.

दुसरे काम: बेशरम आणि जलपर्णी यांचा बंदोबस्त

मूळची दक्षिण अमेरिकेतील, कुंपणाच्या कामी उपयोगी म्हणून फैलावलेली आणि गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून निर्वेध वाढलेली बेशरम आज कित्येक तलावांचा काठ व्यापून बसली आहे. तिच्या दाट जाळीखाली देशी वनस्पती उगवत नाहीत, आणि वाहत आलेला गाळ तिच्या बुंध्यांशी अडून काठ उंचावत जातो. तिची केवळ छाटणी करणे म्हणजे तिची लागवड करणे होय. कारण तोडलेली कांडी ओल्या चिखलात पडली, की तिच्या पेरापेराला पांढरी मुळे फुटतात आणि एका झुडपाची दहा झुडपे होतात.

म्हणून हे काम काठ पूर्ण कोरडा असताना, वैशाखात करावे. कुदळीने बुंध्याभोवतीची माती मोकळी करून गड्डा मुळासकट उपटावा, कांड्या पाण्याच्या रेषेपासून दूर, उंच आणि कोरड्या जागी पसराव्यात, आणि हाताने मोडली असता कडकन तुटेल इतकी कांडी वाळल्यावरच तिची विल्हेवाट लावावी. काम सुरू करण्यापूर्वी जाळीत पक्ष्यांची घरटी नाहीत याची खात्री करून घ्यावी, आणि सबंध काठ एकाच हंगामात उघडा न पाडता तुकड्यातुकड्याने पुढे जावे. पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा फिरून नवे कोंब उपटणे, आणि हा क्रम पुढेही दोन-तीन वर्षे चालू ठेवणे, हाच यातील खरा कष्टाचा भाग आहे. पहिल्या वर्षीच्या श्रमदानाची छायाचित्रे वर्तमानपत्रात छापून येतात आणि दुसऱ्या वर्षी तेथे कोणी फिरकत नाही, असे झाल्यास पहिला सारा खर्च पाण्यात गेला असे समजावे.

जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतीलच. तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून फुले येण्यापूर्वीच ती दोराने एका कडेस ओढून बाहेर काढावी आणि पाळीवर न टाकता लांब नेऊन तिचे खत करावे. मात्र जलपर्णी माजली याचा अर्थ तलावात सांडपाणी किंवा खताचा अंश येत आहे. तो मार्ग शोधून बंद केल्यावाचून ती काढीत बसणे हे कधी न संपणारे काम ठरते.

तिसरे काम: गाळ काढावा, पण कोणता

राज्य सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना हाती घेतल्यापासून गाळ काढण्याविषयी गावोगाव उत्साह दिसतो, आणि तो योग्यही आहे. सुपीक गाळ शेतात जाणे आणि साठा वाढणे या दोन्ही गोष्टी इष्टच आहेत. परंतु यंत्राचा भाव तासावर ठरत असल्याने, जेथे यंत्र सहज उतरते तेथेच खणण्याकडे कल असतो, आणि सहज उतरण्याची जागा म्हणजे नेमका काठ. परिणामी काठाला भिंतीसारखे उभे कडे होतात. त्यांवरून गुरे पाण्याला उतरू शकत नाहीत, लहान मुलांना धोका उत्पन्न होतो, आणि वनस्पतींची जागा कायमची नष्ट होते.

गाळ काढण्यापूर्वी पुढील अटी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्याव्यात आणि ठेकेदाराच्या करारातही त्या घालण्याचा आग्रह धरावा. मधल्या डोहाचा गाळ आधी काढावा, म्हणजे उन्हाळ्यात माशांना आसरा मिळेल. काठाचा मूळ सौम्य उतार कायम ठेवावा. पाळीच्या पायथ्यापासून किती अंतर सोडावयाचे ते अभियंत्याकडून लेखी घ्यावे आणि तेथे कुदळही लावू नये, कारण पायथा पोखरलेली पाळ पुराच्या रात्री दगा देते. तळाचा चिकण थर संपून मुरूम दिसू लागला, की खणणे तत्काळ थांबवावे. तो थर फुटल्यास तलाव पाणी धरीत नाही. सबंध तलाव एका उन्हाळ्यात न उपसता निदान एक बाजू अस्पर्श ठेवावी, म्हणजे तेथील कंद, बिया आणि गोगलगायी पुढील वर्षी उरलेल्या भागात पसरतील. आणि कंद असलेला वरचा चिखल शेतात न जाऊ देता बाजूस राखून ठेवावा व काम संपल्यावर काठावर परत पसरावा.

चौथे काम: वनस्पतींची पुनर्लागवड

बेशरम गेली म्हणजे देशी वनस्पती आपोआप येतील, ही आशा जेथे बी शिल्लक आहे तेथेच सफल होते. अन्यत्र लागवड करावी लागते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सहकार्याने या भागातील तलावांत हे काम करून दाखविले आहे, आणि त्यातून मिळणारा धडा असा, की कोणती वनस्पती कोणत्या खोलीत जगते याचे ज्ञान पुस्तकांपेक्षा मासेमारी करणाऱ्या स्त्री-पुरुषांपाशी अधिक आहे. तेव्हा नियोजनाच्या बैठकीत त्यांना श्रोते म्हणून न बसविता त्यांच्याच सल्ल्याने जागा निवडाव्यात.

पद्धत साधी आहे. काठ कोरडा असताना तो हलका नांगरून घ्यावा. पावसाळ्यात पाणी स्थिरावल्यावर, शेजारच्या निरोगी तलावातून थोडी थोडी रोपे त्या तलावास उणीव भासणार नाही अशा बेताने आणावीत, आणि रोवणी करतात त्याच हाताने ती चिखलात खोचावीत: उभ्या वाढणाऱ्या अगदी कडेला, पसरट पानांच्या त्यांच्या आत, आणि पाण्याखालच्या त्याहून आत, परंतु पाणी स्वच्छ असता तळ दिसेल इतक्याच खोलीपर्यंत. पहिले काही महिने गुरांना तेवढ्या तुकड्यापासून दूर ठेवावे. अशा तलावात गवत खाणारा ग्रासकार्प मासा सोडू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. परंतु ती पडते. आफ्रिकी मागुराच्या पालनास तर बंदीच आहे, आणि तो सुटला तर स्थानिक माशांचा फडशा पाडतो.

पाचवे काम: पाणी आणि मासळी यांचा करार

भाद्रपद-आश्विनात पावसाने ओढ दिली, की धानाचे पीक वाचविण्यासाठी शेतकरी पाण्याचे दार उघडतो, आणि त्याच पाण्यावर वर्षाची मिळकत अवलंबून असलेला ढिवर हवालदिल होतो. हा संघर्ष दुष्टाव्याचा नसून दोन रास्त हक्कांचा आहे, आणि म्हणून तो भांडणाने न सुटता कराराने सुटतो. दाराच्या दगडी बांधकामावर रंगाने एक रेघ ओढावी आणि तिच्याखाली पाणी जाऊ द्यावयाचे नाही, असे रोवणीपूर्वी, म्हणजे सर्वांची मने शांत असताना, ग्रामसभेत ठरवावे. रेघ कोठे ओढावी याचा निर्णय डोहात उन्हाळाभर किती पाणी उरते, यावरून घ्यावा. सांडव्याची उंची मात्र परस्पर वाढवू नये. तसे केल्यास वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या बांध्या बुडून नवा कज्जा उभा राहतो.

मासेमारीच्या संस्थेने आपणहून पाळावयाचे निर्बंध असे: पहिल्या पावसानंतर मासे चढत असताना नाल्याच्या मुखाशी जाळे लावू नये, पिले अडकतील इतक्या बारीक आसाची जाळी वापरू नयेत, आणि डोहाचा एखादा भाग राखीव मानून तेथे वर्षभर जाळे टाकू नये. विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारणे हा तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. शिंगाड्याचे पीक घेणाऱ्यांनी कीटकनाशकाची फवारणी करण्यापूर्वी मासेमारी संस्थेशी बोलावे, आणि फवारणीचा पंप तलावात धुऊ नये.

काठ राखला म्हणजे पक्ष्यांसाठी वेगळे फारसे काही करावे लागत नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. तो तलावाच्या काठी किंवा धानाच्या बांधीत काडीकचऱ्याचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. आपल्या बांधीत घरटे दिसले, तर त्याच्या भोवतीचे थोडे धान उभे ठेवावे, कुत्री दूर ठेवावीत, गर्दी जमू देऊ नये आणि वनविभागास कळवावे. घरट्याजवळून लोंबत्या वीजतारा जात असतील, तर वीज कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा.

जबाबदारी आणि हिशेब

एवढी कामे उत्साहाच्या भरात होत नाहीत. त्यांना यंत्रणा लागते. ग्रामसभेने तलाव समिती नेमावी, तीत शेतकरी, ढिवर आणि पशुपालक या तिन्हींचे प्रतिनिधी असावेत, आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून कमी नसावे, कारण काठावरची बहुतेक कामे प्रत्यक्षात त्यांच्याच हातून होतात. बेशरम काढणे, पाळीची डागडुजी, येव्याचे नाले मोकळे करणे ही कामे रोजगार हमीतून घेण्याची तजवीज करावी. एका वहीत दर महिन्यास पाण्याची पातळी, पकडलेल्या मासळीच्या जाती व वजन, आणि काठावर केलेले काम यांची नोंद ठेवावी. ही वही शाळेतील मुलांकडे सोपविली तरी चालेल, परंतु ती दर ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे. अशी पाच वर्षांची वही ज्या गावाजवळ आहे, त्या गावाचा अर्ज कोणत्याही कचेरीत सहजासहजी बाजूस सारता येत नाही.

एका वर्षात ही सारी कामे कोणत्याही गावाच्याने होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. ज्या गावाला यंदा एकच काम झेपणार असेल, त्याने गाळ आणि लागवड पुढील वर्षावर टाकावी, परंतु सांडवा वाहील त्या दिवशी हद्दीच्या खुंट्या ठोकण्यास मात्र चुकू नये. यंदा राहिलेला गाळ पुढेही काढता येतो. गेलेली हद्द परत मिळविण्यास कोर्टाची पायरी चढावी लागते.